ऊद सापळा, नग एक

सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी माझे जबडे मिटले. तारीख १२ डिसेंबर १९६८. जागा कामठीजवळ कन्हान नदीचा काठ. जबड्यात उदाच्या मादीचा पुढचा उजवा पाय होता.

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी सापळा आहे. कामठीच्या मार्तंड लोहाराने लष्कराच्या मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून मला घडवले. दोन्ही बाजूंना दोन पाटे, मध्ये दातेरी जबडा. "यानं धरलं का सोडत नाही," असे तो गिऱ्हाइकांना सांगे. सात वर्षे मला त्या वाक्याचा अभिमान होता. आता मला त्याचा राग येतो. पण त्याहून जास्त राग एका अर्जाचा येतो.

नदीकाठच्या मनकर्णाबाईंच्या तीन कोंबड्या छपरावरून गेल्या होत्या. कोणी नेल्या, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्या नागपूरला सदर भागातल्या वनखात्याच्या कचेरीत गेल्या आणि कारकून दत्तोपंतांना म्हणाल्या, "उदमांजर येते जी."

दत्तोपंतांनी अर्ज लिहिला आणि वाचून पाहिला. "मांजर कशाला हवं? साहेब म्हणतील, बाईला साधं मांजर हाकलता येत नाही." त्यांनी 'मांजर' खोडले. 'ऊद' राहिला.

उदमांजर झाडांवर, छपरांवर फिरते आणि कोंबड्या पळवते. ऊद म्हणजे पाणमांजर. तो नदीत राहतो, मासे खातो आणि छपरावर कधी चढत नाही. दत्तोपंतांना हा फरक माहीत नव्हता. त्यांनी तो कोणाला विचारलाही नाही.

कचेरीने बळीराम पारध्याला नेमले आणि कोठीतून काढून मला त्याच्या हाती दिले. त्याला फरक पक्का माहीत होता आणि कामही येत होते. ऊद पाण्याबाहेर रोज त्याच जागी येतो, हे तो जाणून होता. माशांचे खवले असलेली विष्ठा पाहून त्याने ती जागा हेरली. माणसाचा वास जावा म्हणून त्याने मला नदीच्या चिखलात दिवसभर पुरून ठेवले. मग काठालगतच्या उथळ पाण्यात मांडून माझी साखळी खुंटीला बांधली. यात त्याचा हात एकदाही चुकला नाही.

मनकर्णाबाई धुणे घेऊन आल्या होत्या. त्या पाहतच राहिल्या.

"काहून गा बळीराम, कोंबड्या माह्या छपरावरून जाते, आन् तू सापळा पाण्यात लावून राहिला?"

"कागदावर ऊद लिवला हाय वं मावशी."

"म्या उदमांजर सांगतलं होतं."

"मंग त्यातलं मांजर कोठी गेलं, ते दत्तोपंताले विचार. मले ऊद सांगतला, मी ऊद धरतो. कातडं मले भेटते."

दुसऱ्या दिवशी तो आठ वाजता येणार होता. मनकर्णाबाई सातच्या आत आल्या. मादी साखळीला हिसके देत होती. पाण्यात थोड्या अंतरावर दोन पिल्ले डोकी वर काढून शिट्टीसारखे ओरडत होती. मला तिला सोडायचे होते, मित्रांनो. पण मला तसे घडवलेलेच नव्हते.

बाईंनी ओले लुगडे मादीच्या डोक्यावर टाकले आणि दोन पाय माझ्या दोन पाट्यांवर देऊन उभ्या राहिल्या. पाटे दबले आणि माझे जबडे उघडले. जाताना मादी त्यांच्या पोटरीला चावली. तिची दोन बोटे माझ्यात राहिली.

बळीराम आठला आला. "ऊद कोठी हाय?"

"गेला."

"आता कचेरीत काय सांगू?"

"सांग, मावशीनं सोडला."

तसे त्याने सांगितले नाही. दत्तोपंतांनी नोंद केली, 'उदाचा बंदोबस्त झाला.' मला धुतलेही नाही. गळ्यात 'ऊद सापळा, नग एक' अशी चिठ्ठी बांधून मला कचेरीच्या कोठीत टाकले. त्याच आठवड्यात चौथी कोंबडी गेली. छपरावरूनच.

मित्रांनो, मला तेल लावा, असे मी म्हणणार नाही. मला गंज चढू द्या. माझे मागणे एवढेच आहे. कोणावर सापळा मांडण्याआधी त्याचे नाव पुरते लिहा. ज्याला माहीत आहे, त्याला विचारा. आणि ज्याला माहीत असूनही तो गप्प राहतो, त्याला मोकळा सोडू नका.

९ जानेवारीला मनकर्णाबाई पुन्हा कचेरीत आल्या. त्यांचे बोलणे कोठीच्या दाराआडून मला ऐकू आले.

"पाचवी कोंबडी गेली जी. आन् नदीच्या वाळूत पावलं पाह्यली म्या. एका पायाले तीनच बोटं. संगं बारकी पावलं बी हायेत. दोन्ही पिलांची का एकाचीच, ते समजत नाही."

"कोंबडी कोणी नेली, तेवढं सांगा."

"उदमांजरानं. पुरं लिवा, बापा."

दत्तोपंतांचा टाक कागदावर चालला. त्यांनी काय लिहिले, ते मला दिसले नाही. दुपारी साडेतीन वाजता कोठीचे कुलूप उघडले. दारात नवा कागद हातात घेऊन बळीराम होता.