दोनशेवरचा काटा

तीस वर्षांत आपल्या हाताखाली एकही गाडी बंद पडली नाही, हे गॉडफ्रे तुस्कानो उमेळे गावात भेटेल त्याला ऐकवत असे. लोक हसत, पण खोटं कुणी म्हणत नसे. म्हणूनच एका शूटिंगवाल्या शेठने अमेरिकेतून आणलेली आपली लांबलचक बस, आत पलंग, स्वयंपाकाचा कट्टा, संडास सगळं असलेली, त्याच्या वाडीत सांभाळायला ठेवली होती.

त्या दुपारी बायकोचा, फेलिशियाचा, ताप एकशे चारवर गेला. जंतू रक्तात पसरलेत, दोन तासांत मुंबई गाठा, असं डॉक्टर म्हणाले. रुग्णवाहिका काही मिळेना. गॉडफ्रेने तिला बसमधल्या पलंगावर निजवलं, लेक टिफनीला उशाशी बसवलं आणि बस काढली.

हायवेवर खाडीच्या पुलाच्या अलीकडे वाहनं मुंगीच्या पावलांनी सरकत होती. समोर गिअरबॉक्सच्या तेलाची उष्णता दाखवणारा काटा चढत चढत दोनशेवर गेला. पाणी शंभरावर उकळतं, आणि हे दोनशे! गिअरबॉक्स जळला तर पुलावरच अडकून पडू. त्याने बस कडेला घेऊन इंजिन बंद केलं. त्याबरोबर एसीही बंद पडला.

"गॉडफ्रे, थांबू नको रे," आतून फेलिशिया म्हणाली.

"गाडीतलं मला कळतं की तुला?" तो खेकसला.

काटा उतरायला चाळीस मिनिटं गेली. टिफनी ओल्या फडक्याने आईचं कपाळ पुसत होती. ते निघाले, पुन्हा दोनशे झाले, पुन्हा थांबले. त्या दुसऱ्या थांब्यावर टिफनीने आईला हाक मारली, तेव्हा फेलिशियाने ओ दिली नाही.

चर्चमध्ये फेलिशियाच्या सातव्या दिवसाची मिस्सा आटोपल्यावर शेठचा मेकॅनिक सॅमी बस न्यायला आला.

"काटा दोनशेवर जातो," गॉडफ्रेने चावी देत सांगितलं. "गिअरबॉक्स बघून घे."

"तेवढा असायलाच पाहिजे, अंकल. अमेरिकन गाडी, फॅरनहाईटमध्ये दाखवते. आपल्या तापाच्या थर्मामीटरसारखं. सेल्सिअसमध्ये नव्वद-पंच्याण्णव डिग्रीच झाले. अडीचशेला घाबरायचं."

बस वाडीबाहेर गेली तरी गॉडफ्रे तिथेच उभा होता. आपणच फेलिशियाला मारलं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

टिफनी घराच्या ओट्यावरून आली. "डॅडी, काय बिघडलं होतं गाडीत?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "गाडी चांगली होती."

"मग आपण थांबलो कशाला?"