खोबरेलाच्या जागी लिंबोळी

आसेगावच्या विहाराच्या ओसरीत सहा बाया साबण करत. त्यांत भागिरथाबाई वयानं मोठी आणि तोंडानं त्याहून मोठी. बाहेरचं कोणी आलं की तीच पुढं होऊन सांगायची, हे खोबरेल, हे एरंडेल, हे आमच्या लिंबोळ्यांचं तेल; चरबीचा थेंब नाही. कॉस्टिकचा खार मात्र सांगताना गाळायची. मोरी साफ करायची चीज तोंडाच्या साबणात पडते, हे सांगायची तिला लाज वाटे. सून पौर्णिमा समजावायची की माप चोख असलं तर तेल सगळा खार पिऊन टाकते, साबणात तो उरत नाही. म्हणून वजनाचा काटा पौर्णिमेच्या हाती होता, आणि तेच सासूला सलत होतं.

महिन्यामागं पौर्णिमा तेलं मोजून, पाण्यात खार विरघळवायला अंगणात गेली. भागिरथाबाईनं डाव साधला. खोबरेल परमुलखातलं, लिंबोळ्या तिनं स्वतः कंबर मोडेस्तोवर वेचलेल्या. तिनं अर्धं खोबरेल काढलं आणि तेवढंच लिंबोळीचं ओतलं. काट्याचा आकडा जिथल्या तिथं. वजनाले वजन झालं, मंग कोणाले सांगाचं कायले?

महिनाभर वड्या फळीवर सुकल्या. काल सहाजणींतल्या ललिताबाईनं त्यातल्या एका वडीनं हात धुतले, तर कातडी लाल होऊन चुरचुरली. आज सगळ्या जमल्यावर पौर्णिमेनं वडी ओली करून जिभेच्या टोकाला लावली आणि धावत जाऊन चूळ भरली. खार उरला होता. सोमवारी हा माल कारंज्याच्या प्रदर्शनात जायचा होता.

ललिताबाई म्हणाली, पौर्णिमेचं ध्यान आजकाल मोबाईलात. काटा भागिरथाबाईकडं द्या. बाकीच्यांनी माना हलवल्या.

"माह्यंच चुकलं असन," पौर्णिमा खाली बघत म्हणाली. "घ्या काटा."

तिनं तो उचलून सासूपुढं ठेवला. भागिरथाबाईला हवा होता तो काटा चालत दारी आला होता. आता नुसतं गप्प राहायचं. तोंड बंद ठेवणं तिला जन्मात जमलं नव्हतं, पण आज अगदी सोपं होतं. खाली घातलेल्या सुनेच्या मानेकडं ती बघत राहिली.

"काटा तिच्यापाशीच राहू द्या," ती शेवटी म्हणाली. "तेल म्या बदललं."

तिनं सगळं सांगितलं, आपली बाजू थोडी सावरूनच.

"आत्याबाई, खोबरेल खार जास्त पिते, लिंबोळी कमी," पौर्णिमा हळू बोलली. "वजन सारखं असलं तरी भूक सारखी नसते."

"मंग पहिलेच सांगाचं होतं."

"सांगतलं होतं. तुमी पाव्हण्यायशी बोलून राह्यल्या होत्या."

ललिताबाई पदराआड हसली. भागिरथाबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की हसू तिथंच विरलं.

वड्या किसून, वाढीव खोबरेल घालून पुन्हा शिजवाव्या लागणार होत्या, सोमवार हुकला. कारंज्याला कळवायला पौर्णिमेनं मोबाईल काढला. भागिरथाबाईनं तिला नंबर लावायला सांगितला आणि मोबाईल स्वतःच्या हाती घेतला.

"साबण येत नाही बाई," ती फोनवर म्हणाली. "माप चुकलं. कोणाचं म्हणता? माह्यं. भागिरथा म्हणतात मले. लिहून घ्या, नाहीतर सुनेचं नाव लिहून मोकळ्या व्हाल."