वायरमनने शिवलेला कोट

वायरमनची बायको नर्स होऊन परमुलखात गेली, त्याला तीन वर्षं होत आली होती. एकदा फोनवर ती सहज बोलून गेली, "थंडी हाडांत शिरते हो इथली," आणि या माणसाच्या डोक्यात कोटाने जे घर केलं ते केलंच.

"अरे, तयार घे आणि पाठवून मोकळा हो," वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी म्हणाल्या.

"तयार कोणीही पाठवेल. तुम्ही मला शिकवा."

जुन्या कपड्यांच्या बाजारातून त्याने कुणा धिप्पाड माणसाचा राखाडी लोकरी ओव्हरकोट आणला. वरून पार विटलेला, कॉलरला कसर लागलेली. मावशींनी त्याला सगळ्या शिवणी उसवायला लावल्या. कापड उलटं केलं, तर आतली बाजू कोरी करकरीत! अस्तर मात्र मनासारखं मिळेना. शेवटी मावशींनी आपल्या ट्रंकेतलं डाळिंबी साटीन काढलं.

"माझ्यासाठी ठेवलं होतं. आता मी कुठे मिरवणार? घे."

"अहो मावशी..."

"माप सांग आधी."

इथे गाडं अडलं. तिला विचारावं तर गुपित फुटणार. त्याने दोन्ही हात पुढे करून हवेत कवेचं रिंगण केलं. "जवळ घेतली की माझी बोटं इथे एकमेकांना लागतात."

मावशींनी हसू दाबत त्या रिकाम्या रिंगणाला टेप लावली. "आणि उंची?"

"डोकं माझ्या हनुवटीखाली येतं." मग खालच्या आवाजात, "मनगट बारीक आहे. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात लावते."

मावशी हसायच्या थांबल्या. आकडे लिहीत गेल्या.

दोन महिने लागले. तारा सोलणाऱ्या हातांनी मशीनच्या तीन सुया मोडल्या, एक बाही चक्क उलटी जोडली. ओलं फडकं टाकून खांद्यांवर इस्त्री फिरवताना मात्र त्याचा हात आपोआप हलका व्हायचा.

पार्सल पोचलं. फोनवर तिचा नुसता चेहरा दिसत होता. "अहो, अगदी अंगाबरोबर बसला!"

"जरा लांब उभी राहा बघू."

"राहू दे ना."

"अगं, राहा."

फोन फळीवर टेकवून ती मागे सरकली. खांदे ओघळले होते, बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. कोट तीन वर्षांपूर्वीच्या बाईचा होता.

"जेवतेस ना गं?"

"एकटीसाठी रांधायचा कंटाळा येतो," ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला.

"परत पाठव. लहान करून देतो."

"मुळीच नाही. हा मी आता सोडायची नाही."

मग त्याच्या सुट्टीच्या दिवशी शिकवणी सुरू झाली. तो इथून सांगत होता, ती तिथे सुई चालवत होती. "अस्तर खालून उसव. बाजूची शिवण दोन बोटं आत घे. उरलेलं कापू नकोस हं, माया आत राहू दे. घरी आलीस, अंगाने भरलीस, की मी उसवून देईन."

"टाके आखूड घाल गं!" मागून मावशी ओरडल्या.

दुपार कलली. ती टाके घालत राहिली, तो बघत राहिला.

ड्यूटीची वेळ झाली. तिने कोट चढवला, बटणं लावली आणि फोन चालूच ठेवून खिशात टाकला. जिन्यावरची तिची पावलं, मग रस्ता, मग बसचं दार. फोन कानाला लावून तो साटीनची सळसळ ऐकत बसला.