शेपटी काढलेलं मिग

मिग-२१ विमानं हवाई दलातून निवृत्त झाल्याची बातमी जागृतीनं वाचून दाखवली, तेव्हा तिचे वडील नानाजी मून यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. वीस वर्षं त्यांनी त्याच विमानांची दुरुस्ती केली होती. आता काचबिंदूनं त्यांची नजर पूर्ण गेली होती आणि वर्ध्याजवळच्या सिंदी मेघे गावातल्या घरात ते रेडिओजवळ बसून असायचे.

जागृती दातांच्या लॅबमध्ये कृत्रिम दात घडवायची. केसाएवढी रेघ कोरणं तिच्या रोजच्या कामातलं. तिनं मिगच्या मॉडेलचं किट मागवलं, खऱ्या विमानाहून अठ्ठेचाळीस पट लहान, आणि मी जोडते, तुम्ही तपासा, असं बाबांना सांगितलं.

नानाजींनी प्लास्टिकचा एकेक भाग चाचपला. "उडणारं विमान तं कोणीबी बनवते," ते म्हणाले. "तू इंजन बदलतानाचं बनव. आमचं काम तेच होतं."

मिगचं इंजिन बदलायचं तर विमानाचा मागचा अख्खा भाग बोल्ट सोडून ट्रॉलीवर मागे ओढावा लागतो. किटमध्ये ना ट्रॉली होती ना पूर्ण इंजिन. शिवाय कोरं विमान मधोमध कापायचं. दोन रविवार जागृतीला करवत उचलवली नाही. तिसऱ्या रविवारी तिनं कापलं आणि काप तिरका गेला. ती हताश होऊन बसली. नानाजींनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, की तोंडात बसला नाही तर दात फेकून देतेस का? नाही, भरते आणि घासते, ती म्हणाली.

"मंग हा बी दातच समज."

तिनं लॅबमधल्या अ‍ॅक्रिलिकनं कड भरली, घासून सरळ केली. इंजिन आधी मेणात कोरलं, मग साच्यातून काढलं. त्यावरच्या नळ्या दात सरळ करायच्या तारेच्या केल्या, मागच्या भागाखालची ट्रॉलीही त्याच तारेतून वळवली. तळाला दातांच्या साच्यांचं प्लास्टर ओतून धावपट्टीशेजारचं काँक्रीट केलं, लाद्यांच्या सांध्यांत काळा रंग भरला आणि बोटाच्या दोन पेरांएवढी चार माणसं कामाला उभी केली. शेपटी नुसती मागे ठेवून भागणार नव्हतं. ती पुढे सरकवली की इंजिनावरून जाऊन धडाला बसली पाहिजे, असा नानाजींचा हट्ट होता. रोज संध्याकाळी ते सांधा चाचपायचे आणि फट आहे म्हणायचे. बाराव्या खेपेला मात्र त्यांनी होकारार्थी मान हलवली.

सहा महिन्यांनी वर्ध्यात हौशी मॉडेलकारांची स्पर्धा भरली. परीक्षक टेबलापाशी आले, पाहिलं आणि मॉडेलपुढे 'अपूर्ण' अशी चिठ्ठी ठेवली. जागृतीनं समजावून पाहिलं. काम सुबक आहे, पण विमान दोन तुकड्यांत आहे आणि नियमाप्रमाणे ते पूर्ण जोडलेलं हवं, असं ते सौम्यपणे म्हणाले.

मागे खुर्चीवर बसलेले नानाजी उठले. "जागृती, माहा हात ट्रॉलीवर ठेव."

तिनं ठेवला. त्यांनी दुसऱ्या हातानं धड आधारलं आणि ट्रॉली हळूच पुढे लोटली. शेपटी इंजिनावरून सरकत गेली आणि बारीक टक् आवाज करून बसली. परीक्षकांनी चष्मा काढून जवळून पाहिलं, सांध्यावरून नख फिरवलं. नख कुठेच अडलं नाही. नानाजींनी शेपटी पुन्हा मागे घेतली आणि आधी कोणती नळी सोडायची, कोणता बोल्ट शेवटी काढायचा, ते एकेका जागी बोट ठेवून सांगितलं. एव्हाना आसपासची टेबलं सोडून माणसं जमली होती.

"हे तुम्ही किती वेळा केलंय?" परीक्षकांनी विचारलं.

"मॉडेलचं पुसून राह्यले का खऱ्या विमानाचं?"

परीक्षक हसले आणि त्यांनी चिठ्ठी उचलून खिशात घातली.

पहिलं बक्षीस जाहीर झालं तेव्हा जागृतीचं एकटीचं नाव पुकारलं गेलं. ती जागेवरून हलली नाही. नाव दोघांचं घ्या, असं तिनं कळवलं आणि पुन्हा पुकारा झाल्यावरच बाबांचा हात धरून मंचावर चढली. नानाजी हवाई दलातल्यासारखे ताठ उभे राहिले. टाळ्या चहूकडून येत होत्या, आणि ते मान वळवून वळवून त्या ऐकत होते.

सभागृह बंद होईपर्यंत त्यांच्या टेबलापुढची गर्दी हटली नाही. जो येईल त्याला नानाजी विमान जोडून दाखवत होते, पुन्हा उघडत होते, आणि शेजारी जागृती हे इंजिन कशाकशाचं केलं ते मोठ्या आवाजात सांगत होती.