शेजाऱ्यानं काल काय केलं

स्पॅनिशच्या वर्गात बाईंचा एक नियम होता. भूतकाळाची क्रियापदं चालवताना आपलं पुराण लावायचं नाही. शेजारी बसलेल्यानं काल काय केलं, ते सांगायचं. मग शेजाऱ्यानं उठून तेच ‘मी’ लावून म्हणायचं. स्वतःबद्दल सगळेच खोटं बोलतात, असं बाईंचं मत होतं.

पहिल्या बाकावर मॉनिटर बसे. ही पदवी त्यानं स्वतःच घेतली होती. कंपनी आपल्याला तिकडच्या शाखेत साहेब करून पाठवणार, असं तो सांगे. तयारी म्हणून बायकोलाही त्यानं शेजारी आणून बसवलं होतं. ती अडखळली की तो मागे वळून म्हणायचा, “आमच्या हिला स्वतःची भाषा धड येत नाही, त्यात ही.” आणि तिला, “मोठ्यानं बोल. मागे ऐकू जात नाही.” वर्ग हसायचा.

कंपनीनं त्याला केव्हाच नारळ दिला होता. तरी तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघे आणि संध्याकाळी दमून येई. बागेत बसूनही माणूस दमतो. घरी कळायच्या आत दुसरी नोकरी मिळावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

आज बाईंनी बायकोकडे बोट केलं. ती उठली.

“नो त्राबाखो.” यांनी काम केलं नाही. “कामिनो आस्ता एल पार्के.” हे बागेपर्यंत चालले. “कोमियो कोन उन पेर्रो.” हे कुत्र्यासोबत जेवले.

वर्ग खिदळला.

“गंमत नाही,” ती साध्या मराठीत म्हणाली. “परवा ऑफिसचा शिपाई यांचं सामान खोक्यात भरून घरी देऊन गेला. चहाचा कपसुद्धा. म्हणून काल मी मागोमाग गेले.”

आता कोणी हसेना. बाईंचं लक्ष मात्र क्रियापदांवर होतं.

“एकही चूक नाही. आता तुम्ही. ‘मी’ लावून.”

तो उठला. “नो त्राबाखे,” तो पुटपुटला.

“मोठ्यानं बोला,” बायको म्हणाली. “मागे ऐकू जात नाही.”

त्यानं मोठ्यानं म्हटलं. कुत्र्यापर्यंत सगळं बिनचूक आलं. बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या.

जिन्यात त्यानं विचारलं, “घरी विचारायचं होतंस. चारचौघांत कशाला?”

“घरी तुम्ही खोटं बोलला असता,” ती म्हणाली. “उद्यापासून डबा मोठा देते. कुत्रं अर्धपोटी राहतंय.”