चेन वाजतेय, बाई

बोलतोय मीच, पण इकडेतिकडे शोधू नका. मला पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नाव टायमिंग चेन टेन्शनर. पूर्ण नाव घेता घेता गाडी पुढच्या चौकात पोचते, म्हणून गॅरेजात नुसतं टेन्शनर म्हणतात.

काम काय, ते आधी सांगतो, कारण ते कुणालाच माहीत नसतं. इंजिनाच्या पोटात एक चेन फिरते. सायकलची चेन सैल झाली की कशी खडखडते आणि उतरते, ते तुम्ही पाहिलंच असेल. इंजिनात तसं होऊ नये म्हणून मी माझा दट्ट्या बाहेर काढून एका पट्टीला टेकतो, पट्टी चेनला टेकते आणि चेन ताठ राहते. झालं. जन्मभर टेकून राहायचं. चेन घसरली तर आतलं सगळं एकमेकांवर आदळून इंजिनाचं वाटोळं होतं, म्हणजे काम काही ऐरंगैरं नाही. पण कधी कुणी "शाब्बास रे" म्हटलं? आरसे पुसतात, काचा पुसतात, हॉर्न तर उगाचच दाबतात. माझ्याकडे कुणी फिरकत नाही.

कारखान्यात आम्ही शेकडो भाऊ एका ट्रेमध्ये पडून होतो. तेवढीच काय ती संगत. मग मला या गाडीत बसवलं, झाकण लावलं आणि अंधार झाला. शेजारी चेन होती, पण तिचं लक्ष धावण्यात. जन्मभर तिला टेकून राहिलो, दोन शब्द बोलली असेल तर शपथ.

म्हणून मी बाहेरचे आवाज ऐकू लागलो. गाडी ज्यांच्या घरी आली ते दोघंच होते. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. तो बस डेपोत मिस्त्री. दिवसभर दुसऱ्यांची इंजिनं उघडायची आणि घरी आला की आमचं बॉनेट वर करायचं. ती घरी शिवणकाम करायची. तो तिला "अगं" म्हणे आणि ती त्याला "अहो".

"अगं, ये ना इकडे. ऐक, कसं गुळगुळीत चाललंय इंजिन!"

"अहो, मला बाह्या जोडायच्यात. गिऱ्हाईक दारात येऊन बसेल."

"एक मिनिट ऐकशील तर काय बिघडेल?"

"कालच ऐकलं होतं. कालच्यासारखंच आहे."

असं वर्षानुवर्षं चाललं. तो चेनबद्दल बोलायचा, तेलाबद्दल बोलायचा, माझ्याबद्दलसुद्धा बोलायचा. ती "हं हं" करत दोरा ओवत राहायची. मी मात्र कान देऊन ऐकायचो. माझं नाव प्रेमानं घेणारा तो एकच माणूस होता.

मग एके दिवशी त्यानं बॉनेट उघडलं आणि तसाच उभा राहिला. किती तरी वेळ. शेवटी ती आतून आली. "अहो, काय शोधताय?"

"तेच आठवत नाहीये," तो म्हणाला.

तेव्हा ती हसली. पुढे हसण्यासारखं राहिलं नाही. तो तेल बदलायचं विसरला, मग घराचा रस्ता विसरला. चालवायची पाळी तिच्यावर आली. एका सकाळी दोघं गाडीत बसून गेली आणि येताना ती एकटीच आली. सबंध रस्ताभर तिनं गिअरसुद्धा नीट बदलला नाही.

ज्यांना काही आठवत नाही अशांना सांभाळणारं एक घर आहे, गावाबाहेर, चढावर. तिकडे बस जात नाही. दर रविवारी ती गाडी घेऊन जायची, फाटकाच्या आत झाडाखाली लावायची आणि बाकावर त्याच्याशेजारी बसायची. तिचा आवाज मला ऐकू यायचा. मुलीचं सांगायची, शेजाऱ्यांचं सांगायची, कुणाचा झगा उसवला तेही सांगायची. त्याचा आवाज काही यायचा नाही.

इकडे माझे हाल सुरू झाले होते. तेल काळंकुट्ट झालं होतं. दट्ट्याला मागे सरकू न देणारे माझे दाते झिजले, त्यातला जोर गेला आणि चेन सैल पडून पट्टीवर खडखड वाजायला लागली. लाज वाटली हो मला. जन्मभर जे होऊ दिलं नाही, तेच माझ्या डोळ्यांदेखत होत होतं.

एका रविवारी ती झाडाखाली थांबली, इंजिन चालूच होतं आणि मी खडखडत होतो. बाकावरून पावलं आली. बॉनेटवर हात टेकला. तो हात मी ओळखला.

"बाई, चेन वाजतेय तुमची."

ती दार उघडून घाईनं खाली उतरली. "अहो..."

"टेन्शनर गेलाय. बदलून घ्या. नाहीतर रस्त्यात दगा देईल."

किती महिन्यांनी तो बोलला होता! तिला परक्यासारखं "बाई" म्हणाला, ते तिला लागलं असणारच. पण बोलला. माझ्या दुखण्यानं का होईना, त्याच्या तोंडून शब्द फुटले. मी जरा जोरातच खडखडलो, खोटं कशाला सांगू.

घरी येताना मुलीचा फोन आला, तो तिनं स्पीकरवर टाकला. "आई, ती गाडी विकून टाक बरं आता."

"आणि जाऊ कशी?"

"महिन्यातून एकदा मी येईनच की. आपण दोघी जाऊ."

"महिन्यातून एकदा लोक केस कापायला जातात," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

गॅरेजवाल्यानं कान लावून ऐकलं आणि हात झटकले. एवढ्या जुन्या गाडीत आपण हात घालत नाही, मोडीत काढा म्हणाला. पुढच्या रविवारी तो बॉनेटजवळ येऊन तेच वाक्य बोलला, तेव्हा तिनं विचारलं, "मिस्त्री, कसा बदलायचा हो हा?"

"कोण बदलणार? तुम्ही?"

"मीच. दुसरं आहे कोण?"

"हात दाखवा." तिनं ते पुढे केले. "बोटं बारीक आहेत. जमेल. सुई धरता वाटतं?"

"धरते," ती म्हणाली.

मग तो बोलायला लागला तो थांबेचना. चाक काढा, कडेचं छोटं झाकण काढा, आत टेन्शनर दोन बोल्टांवर बसलेला असतो. इतकी वर्षं जे तिनं "हं हं" करत कानाआड टाकलं, ते आता ती प्रश्न विचारून विचारून ऐकत होती. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. "चाक कुठलं म्हणालात?" त्याच्या पुढच्या रविवारीही. "झाकणाचं जरा परत सांगा ना." हिला सगळं पाठ झालंय, हे माझ्या कधीच लक्षात आलं होतं. नवा टेन्शनर डिकीत येऊन पडला होता, तरी ही बाई बदलायचं नाव काढेना. मी खडखडतोय तोवर तो उठून येतो, हे तिला पक्कं कळलं होतं. माझा मात्र जीव टांगणीला. आज टिकतोय, उद्याचं काय?

आणि एकदा चढावर, वळणाच्या तोंडाशीच, चेननं हिसका दिला. इंजिन बंद. मागून हॉर्नवर हॉर्न. तिनं दोनतीनदा किल्ली फिरवली तेव्हा कुठं ते चालू झालं. कडेला गाडी घेऊन ती स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली.

"दुरुस्त केली तर तुमचं बोलणं बंद," ती शेजारच्या रिकाम्या सीटला म्हणाली. "नाही केली तर माझं येणं बंद. काय करू सांगा."

सीट काय सांगणार! शनिवारी सकाळी तिनं जॅक लावला.

चटईवर आडवी होऊन ती त्याचे शब्द मोठ्यानं म्हणत होती. "बॅटरीची तार सोडवा. टेन्शनर बाहेर असताना इंजिन अजिबात फिरवायचं नाही. खाली फडकं कोंबा, बोल्ट आत पडला तर बसा रडत." बोल्ट हलेना. पाना सटकून तिची बोटं सोलली. तिनं एक अशी शिवी दिली की मी चाटच पडलो. मग बोल्ट सुटला, हातातून निसटला आणि फडक्यात पडला. "हुश्श," ती म्हणाली.

मी उजेडात आलो. तिचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. चष्मा नाकाच्या टोकावर, गालाला काळं तेल, आणि मला वाटलं होतं त्याहून खूप थकलेली.

"तू होय रे तो!" ती म्हणाली आणि मला बशीत ठेवलं.

नवा दाबलेल्या दट्ट्यासकट येतो आणि तो दबलेला राहावा म्हणून त्यात एक पिन असते. बसवल्यावर ती ओढायची. तिनं नवा बसवला, बोल्ट आवळले, हात पुसले आणि झाकण उचललं. पिन तशीच! अशी गाडी चालू केली तर चेनला कुणाचाच आधार नाही. मी ओरडणार तरी कसा? जोवर आत होतो तोवर निदान खडखडत तरी होतो.

पण जातीची शिवणारी ती. कपडा हातावेगळा करण्याआधी एकदा बोटं फिरवून बघायची सवय. तशीच तिनं नव्यावरून बोटं फिरवली. "अगं बाई, टाचणी राहिली!" पिन ओढली आणि दट्ट्या टक्कन पट्टीला जाऊन भिडला. मग पान्यानं इंजिन सावकाश हातानं फिरवून पाहिलं, कुठं अडत नाही ना. सगळं जागच्या जागी लावून तिनं किल्ली फिरवली. क्षणभर खडखड, मग काही नाही. चेन गप्प. ती जॅकशेजारी बसून रडली, आणि इंजिन इतकं शांत होतं की हुंदकेसुद्धा ऐकू येत होते.

रविवारी तिनं मला रुमालात गुंडाळून पर्समध्ये घेतलं. गाडी झाडाखाली थांबली. तो बाकावरून उठला नाही. कुणाची तरी गाडी आली, एवढंच त्यानं पाहिलं. ती जाऊन शेजारी बसली. मग तिनं मला काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.

त्यानं अंगठ्यानं माझा दट्ट्या दाबला. "गेलाय हा."

"हो. बदलला."

"कुणी?"

"मी."

"एकटीनं? पिन काढलीत?"

"काढली."

"शिकवलं कुणी?"

"माझ्या नवऱ्यानं," ती म्हणाली.

तो हसला. "पक्का मिस्त्री दिसतोय. एकदा घेऊन या की त्यांना. इथं माझ्याशी बोलायला कुणी नाही हो."

"आणते," ती म्हणाली.

तेव्हापासून मी त्याच्या शर्टाच्या खिशात असतो. काम काही नाही. दुपारभर तो मला अंगठ्यानं दाबत बसतो. भोवती इतकी माणसं आहेत, पण जो तो आपल्या धुक्यात. कारखान्यातला तो ट्रे आठवतो मला. रविवारी ती आली की तो पहिल्यांदा विचारतो, "आणलं का त्यांना?" ती म्हणते, "आज कामात आहेत." मग त्याला त्या मिस्त्रीच्या गोष्टी सांगते: डेपोतल्या, लग्नातल्या, मुलगी पहिल्यांदा चालली त्या दिवसाच्या. "मग? मग काय म्हणाले ते?" असं विचारत तो पुढे सरकून ऐकतो. परवा त्यानं विचारलं, "भांडतात का हो तुमच्याशी?"

"भांडायचे," ती म्हणाली. "आता भांडले तरी चालेल."

मला आता परत कुणी बसवणार नाही, आणि तशी हावही उरलेली नाही. मागणं एकच. तुमच्यापैकी कुणाच्या हाती तिची गाडी दुरुस्तीला आली, तर जुनी म्हणून हात झटकू नका. तेल वेळच्या वेळी बदला आणि आतल्या त्या नव्या पोराला जपा. रविवारी तिला इथं यायचं असतं.