भिंतीतला गारवा

पत्र्याच्या घराला आतून थर्माकोल लावताना प्रल्हादनं आपल्या वडिलांना भिंतीत बंद केलं. चुकून झालं, असं त्यानं बायकोला, उज्ज्वलाला, सांगितलं.

घर चाकांवरचं होतं. रस्त्याचं काम पुढं सरकलं की ट्रॅक्टर ते ओढून न्यायचा. प्रल्हाद रोलर चालवायचा. मे महिन्यात पत्रा इतका तापला की त्याच्या दोन वर्षांच्या लेकीचं अंग घामोळ्यांनी लाल झालं, म्हणून त्यानं थर्माकोल आणि प्लायवूड आणलं. वडील, शेषराव, थर्माकोल पाठीनं दाबून उभे राहिले. प्रल्हादनं वरून प्लाय ठेवला आणि एकेक स्क्रू पिळत गेला. शेवटचा बसल्यावर त्याच्या लक्षात आलं. प्लाय जराही फुगला नव्हता.

"बाबा?"

"हाय इथंच," आतून शेषराव म्हणाले.

"काढू का?"

"आधी समोरची बाजू उरक. ऊन चढायलंय."

दुपारी समोरची भिंत तव्यासारखी तापली. शेषरावांची मात्र गार पडली, माठासारखी. उज्ज्वलानं तिला गाल लावला, मग लेकीला त्या भिंतीशी निजवलं. कितीतरी दिवसांनी पोर गाढ झोपली.

संध्याकाळी प्रल्हादनं दोन स्क्रू काढले. त्या भोकांतून भट्टीसारखी धग आत आली. पोर दचकून रडायला लागली. उज्ज्वला नुसती लेकीकडे बघत राहिली.

"पीळ रे परत," शेषराव म्हणाले. "लेकरू झोपू दे."

प्रल्हादनं स्क्रू परत पिळले. एकही वाकडा गेला नाही, याचीच त्याला जास्त लाज वाटली.

त्यानंतर तो त्या भिंतीकडे पाठ करून जेवू लागला. उज्ज्वला भिंतीपाशी एक ताट ठेवायची आणि तसंच उचलून बाहेर कुत्र्याला घालायची. गावाहून बहिणीचा फोन आला.

"बाबांना दे की जरा."

"आडवे झालेत," प्रल्हाद म्हणाला.

त्याचं खोटं उघडं पडू नये म्हणून भिंतीतून शेषराव घोरू लागले. चांगलं मोठ्यानं, बहिणीला ऐकू जाईल असं. प्रल्हादनं फोन ठेवला, तरी ते बराच वेळ थांबले नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. बाहेर शेजारच्या घरातला डंपरवाला गंगाधर उभा होता. काखेत नवा कोरा प्लाय होता.

"प्रल्हादभाऊ, तुमच्या घरातला गारवा बघितला परवा," तो खाली बघत म्हणाला. "स्क्रू किती इंची लागतात?"

गंगाधरच्या मागं, उघड्या दारातून त्याच्या घरात, त्याची आई दिसत होती. चपला काढून तिनं एका बाजूला नीट लावल्या होत्या. डोक्यावर पदर घेऊन, पोट आत ओढून, ती पाठ टेकवून पत्र्याला चिकटली होती आणि जास्तीत जास्त पातळ व्हायचा प्रयत्न करत होती.